पाचव्या चाकाची कैफियत

मोटारीला चार चाके असतात ही समजूत शालेय वयातच पक्की होते आणि पुढे जन्मभर कोणी तिची रुजुवात करून पाहत नाही. परंतु एखाद्या मालमोटारीच्या पोटाखाली वाकून पाहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल त्याला ठाऊक असते, की खऱ्याखुऱ्या प्रवासाला निघालेले वाहन एक चाक अंगावर जादा बाळगते, आणि त्या बेकार बसलेल्या चाकाच्या भरवशावरच उरलेली चाके निर्धास्तपणे धावत असतात. हे पाचवे चाक म्हणजे वाहनाने आपल्या मर्त्यतेविषयी लिहून दिलेला कबुलीजबाब होय. मालमोटार तो उघड्यावर वागवते. कुटुंबवत्सल गृहस्थाची मोटार तो डिक्कीत, गालिच्याखाली, भाजीच्या पिशव्या आणि एक विसरलेली छत्री यांच्या आड ठेवते. आणि स्पोर्ट्‌स कार म्हणून जे दोन आसनांचे, भूमीशी सलगी ठेवून चालणारे आणि पुण्यातल्या एखाद्या चांगल्या सदनिकेच्या किमतीत मिळणारे वाहन आहे, ते मात्र असला कोणताही दस्तऐवज आपल्या दप्तरी असल्याचे साफ नाकारते. वेग हेच ज्याचे ब्रीद, त्याने थांबण्याची तरतूद करून ठेवणे म्हणजे घराण्याला बट्टा लावणे होय, असा या घराण्याचा समज दिसतो.

पूर्वजांचा मात्र तसा समज नव्हता. बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप नामक पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेने फुगवलेली धाव बसवली आणि १८८८ साली तिचे एकस्व घेतले, त्या क्षणी पंक्चर या आपत्तीचाही जन्म झाला. कारण भरीव रबराच्या आणि लोखंडी धावेच्या चाकांना इतर सर्व दुर्गुण असले तरी खिळ्याचे भय नव्हते. मोटारीच्या चाकांत हवा भरून लांबच्या शर्यतीत उतरण्याचे धाडस मिशेलिन बंधूंनी १८९५ सालच्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत केले, आणि जवळजवळ बाराशे किलोमीटरच्या त्या मार्गावर ठिकठिकाणी उतरून, बसून, घाम गाळून, बरोबर घेतलेला ट्यूबांचा साठा खर्ची घालून ते पॅरिसला परतले, तेव्हा शर्यतीची मुदत टळून गेली होती. कोणत्याही समंजस व्यापाऱ्याने यावरून धंदा बदलला असता. या बंधूंनी मात्र असा निष्कर्ष काढला, की चाकात हवा हवीच, फक्त ती गेल्यावर काय करायचे याचा विचार अधिक झाला पाहिजे. आणि तो विचार त्यांनी इतका नेटाने केला, की १९०६ साली ल मां येथे झालेली पहिली फ्रेंच ग्रां प्री ही वस्तुतः चाके बदलण्याचीच शर्यत ठरली. गाडीला हात लावण्याची मुभा फक्त सारथी आणि त्याच्या शेजारी बसलेला यांत्रिक या दोघांनाच होती. भर जूनच्या उन्हात रस्ता वितळत होता आणि टायर फाटत होते. ज्यांच्या कडा चाकाला कायमच्या जडलेल्या होत्या ते लोक फाटका टायर सुरीने कापून काढीत आणि नवा चढवीत पाव पाव तास रस्त्याकडेला घालवीत होते. तर रेनो गाडीवरचा फेरेंत्स सिस हा हंगेरियन गृहस्थ, मिशेलिनने दिलेल्या सुट्या कडांचे आठ नट काढून, फुगवलेल्या टायरसह तयार असलेली दुसरी कड चढवून, सुमारे चार मिनिटांत पुढे निघत होता. दोन दिवस आणि १,२३८ किलोमीटर यांच्या अखेरीस तो पहिला आला. त्याच्या गाडीचा वेग लोकांनी वाखाणला. त्याच्या पान्ह्याचा वेग कोणी वाखाणला की नाही याची नोंद माझ्या वाचनात नाही, परंतु न्याय करायचा तर ढाल पान्ह्यालाच मिळायला हवी होती.

शर्यतीत न उतरणाऱ्या सामान्य मोटारमालकाची सोय तोवर वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर झाली होती. डेव्हिस नावाच्या बंधूंनी १९०४ च्या सुमारास एक बिनआऱ्यांचे, केवळ कड आणि फुगवलेला टायर एवढेच असलेले चाक तयार केले, आणि हवा गेलेल्या चाकाच्या अंगाला ते पकडींनी आवळून तसेच घरी यावे अशी तजवीज करून दिली. त्यात डौल नव्हता. एका बाजूने गाडी थोरली दिसे. परंतु मनुष्य घरी पोहोचत असे, आणि ज्या काळात मोटारीने निघालेला मनुष्य सायंकाळी घरी येईल की नाही याविषयी घरचे लोक साशंक असत त्या काळात डौलाची चौकशी करणारे थोडेच होते.

पुढे कित्येक वर्षे सुट्या चाकाला मानाचे स्थान होते. १९४५ साली निघालेली एम.जी. टी.सी. ही दोन आसनी गाडी आपले तारांच्या आऱ्यांचे जादा चाक पेट्रोलच्या टाकीमागे, सर्वांना दिसेल असे उभे बांधून हिंडत असे. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एस.एल.ने, जिची दारे आकाशाच्या दिशेने उघडत, मागची डिक्की जवळजवळ संपूर्णपणे त्या चाकाला बहाल केली होती आणि मालकाच्या कपड्यांची व्यवस्था आसनांच्या मागे लावून दिली होती. चाक डिक्कीत आणि सदरे पाठीमागे, ही प्राधान्याची उतरंड मला अत्यंत सुसंस्कृत वाटते.

त्याच काळातल्या अनेक ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांची चाके पाच नटांनी नव्हे तर मध्यभागी बसवलेल्या एकाच पंखधारी नटाने आवळलेली असत, आणि तो नट काढण्यासाठी गाडीबरोबर तांब्याचा हातोडा मिळत असे, जेणेकरून नटावरचा मुलामा खरवडला जाऊ नये. एखादा सभ्य इंग्रज गृहस्थ हातमोजे काढून, आपल्या जॅग्वारच्या चाकावर हातोड्याचे घाव घालीत आहे, हे दृश्य शेजाऱ्यांना चमत्कारिक वाटत असेल; परंतु खरा चमत्कार आट्यांचा होता. गाडीच्या डाव्या बाजूचे आटे नेहमीच्या दिशेचे आणि उजव्या बाजूचे नेमके उलटे असत, म्हणजे धावत्या चाकाने आपला नट आपणच सैल करून घेऊ नये. त्यामुळे दोन्ही बाजूंना नट पुढच्या दिशेने फिरवला की सुटे आणि मागच्या दिशेने फिरवला की आवळे. हा नियम ज्याला पाठ नसे, तो एका बाजूला पाच मिनिटांत चाक काढी आणि दुसऱ्या बाजूला अर्धा तास घाव घालून तिथले चाक आमरण पक्के करी. म्हणून नटावरच बाण कोरून ‘सोडा’ अशा अर्थाची आज्ञा लिहिलेली असे, आणि तरीही, मनुष्य कोरलेली आज्ञा वाचण्यापूर्वी हातोडा उचलतो हा स्वभावधर्म कारखानदारांना बदलता आला नाही. आज पॉर्शेच्या काही अतिवेगवान गाड्यांनी तोच एकनटी संप्रदाय पुनरुज्जीवित केला आहे. फरक इतकाच, की गृहस्थाच्या मोटारीचा नट शंभर-सव्वाशे न्यूटन मीटरच्या जोराने समाधान पावतो, तर यांचा सहाशे मागतो, आणि त्यासाठी जो लांबलचक पान्हा लागतो तो ज्या गाडीसाठी केला त्या गाडीत ठेवायला जागा नसते.

जागा! या घराण्याच्या अधोगतीचे, किंवा त्यांच्या भाषेत उन्नतीचे, मूळ कारण हेच आहे. मागची चाके पुढच्यांहून रुंद झाली, तेव्हा एकच जादा चाक दोन्हीकडे चालेना; मग दोन्हीकडे सारखेच न शोभणारे एक अरुंद, किरकोळ अंगाचे चाक काढण्यात आले. त्याच्या अंगावर ताशी ऐंशी किलोमीटरहून अधिक वेगाने जाऊ नये असे फर्मान चिकटवलेले असते, आणि त्यात साध्या टायरच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे साठ पौंड, हवा लागते, जी नेमक्या वेळी कधीच नसते, कारण तिची चौकशी करण्याचे काम जगात कोणाकडेही सोपवलेले नाही. पॉर्शेने तर काही काळ घडी घातलेला टायर दिला होता. तो चाकावर सुरकुतून बसलेला असे, आणि सिगारेटच्या खाचेत तार खोवून चालणाऱ्या छोट्या पंपाने त्याला फुगवून माणसात आणावे लागे. ही सर्व सव्यापसव्ये उरकून किरकोळ चाक चढवल्यावर लक्षात येते, की काढलेले मूळ चाक, जे चिखलाने माखलेले आणि एखाद्या पाहुण्यापेक्षा रुंद आहे, ते त्या चिमुकल्या खळग्यात मावत नाही. गाडीला आसने दोन. मालक, पत्नी आणि चाक मिळून मंडळी तीन. यांपैकी एकाने एस.टी.ने येणे प्राप्त होते. २०२३ पासून महाराष्ट्राच्या एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे आणि चाकाला तसली सवलत नाही, त्यामुळे हा प्रश्न काही घरांत केवळ हिशेबाने सुटतो व पुढे बरेच दिवस पुरतो.

अखेर अमेरिकेतल्या कॉर्व्हेटने १९९७ च्या नव्या अवतारात हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे, जाड बगलांचे टायर स्वीकारून जादा चाक बरखास्त केले, आणि माझदाच्या सुप्रसिद्ध मियाताने, जिच्या पहिल्या दोन पिढ्यांत निदान ते किरकोळ चाक तरी नांदत होते, तिसऱ्या पिढीत त्याच्या जागी डिंकाची बाटली आणि पंप यांची नेमणूक केली. हिंदुस्थान सरकारनेही २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती करून, टायर ट्यूबलेस असतील, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल आणि पंक्चरदुरुस्तीचा संच असेल तर प्रवासी मोटारीला जादा चाक नसले तरी चालेल असे ठरवले. बाटली कायदेशीर झाली.

या बाटलीचे सामर्थ्य मी आमच्या एका स्नेह्यांच्या गाडीच्या डाव्या आसनावरून प्रत्यक्ष पाहिले आहे. महाबळेश्वरला जाताना वाई सोडून पसरणी घाटाच्या पायथ्याशी आलो असता, रस्त्याच्या तुटलेल्या कडेवरून गाडीचे मागचे चाक खाली जाऊन वर आले, आणि समोरच्या तबकडीवर पिवळा दिवा लागून यंत्रणेने कळवले की मागील डाव्या टायरमधील हवा कमी होत आहे. ही वार्ता तोवर आम्हाला, रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीवाल्याला आणि त्याच्या बाकड्यावरील सर्व ग्राहकांना आवाजावरून समजली होती. मंडळी उठून आली. एका वृद्ध शेतकऱ्याने गाडीला प्रदक्षिणा घालून शुद्ध जिज्ञासेने विचारले, “आवं सायेब, ही खाली बसलीया, का मुळातच येवढी हाय?”

जमलेल्यांत एस.टी.च्या डेपोतून निवृत्त झालेले एक मिस्त्री होते, आणि सर्वांच्या मूक संमतीने पंचनाम्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे गेले. त्यांनी स्टेपनी काढायला सांगितली. स्नेह्यांनी पुढचे झाकण उघडले, तिथे एक बॅग होती. मागचे उघडले, तिथे इंजिन होते. मिस्त्रींनी दोन्हीकडे पाहून संयमाने पुन्हा विचारले, “स्टेपनी?” तेव्हा स्नेह्यांनी आसनामागून ती बाटली काढून त्यांच्या हाती दिली. मिस्त्रींनी चष्मा लावून ती उन्हात धरली, फिरवली, तळाशी छापलेले वाचले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “साहेब, औषधाचीसुद्धा तारीख उलटून गेलीया.” तरीही, प्रयत्न सोडू नये म्हणून, पंपाने बाटलीतले द्रव्य टायरमध्ये सोडण्यात आले; ते एका बाजूने गेले आणि दुसऱ्या बाजूने, चाकाच्या आतल्या अंगाने, पांढऱ्या धारेने रस्त्यावर आले. टायरच्या तळव्याला खिळ्याएवढे भोक असेल तर हे द्रव्य ते बुजवते. बगल फाटली असेल तर ते केवळ फाट कुठे आहे हे दाखवून देते, आणि दोन्ही कामांची किंमत सारखीच असते.

आता चाक काढून पाहणे आले, म्हणजे जॅक आला. शेजारी उभ्या राहिलेल्या टेम्पोवाल्याने आपला हायड्रॉलिक जॅक मोठ्या उदारपणे देऊ केला. तो पुरता दाबून बसवला तरी वीतभर उंच होता, आणि गाडीखाली शिल्लक जागा चार बोटे. गाडी उचलण्यासाठी जॅक खाली घालायला हवा, आणि जॅक खाली घालण्यासाठी गाडी उचलायला हवी, या तर्कशास्त्रीय पेचावर बराच वेळ मसलत झाली. इंग्लंड-अमेरिकेतले या गाड्यांचे जाणते मालक यावर एकच उपाय सांगतात, की हवा गेलेले चाक आधी हळूच एका फळीवर चढवावे, म्हणजे गाडी दोन बोटे वर येते आणि ठेंगणा जॅक आत शिरतो; आणि तो उपाय त्यांच्यापैकी कोणाचेही काही न वाचता टपरीवाल्याने क्षणार्धात सांगितला व घरातून पाट आणला. पाट चांगला शिसवी होता, त्याच्या कडांना पितळी फुल्या होत्या, आणि त्याच्यावर आजवर कोण कोण बसले असेल या विचाराने मी तरी मनोमन हात जोडले. त्यावर लाखो रुपयांच्या गाडीने चाक ठेवले. मग एका येणाऱ्या छोट्या मोटारीतून दुमडणारा जॅक मिळवण्यात आला आणि तो लावायचा कुठे याचा शोध सुरू झाला. कारण असल्या गाडीच्या कडेला जे सुंदर, सलग, पोटाशी वळलेले अंग दिसते ते नुसते नाजूक कवच असते आणि तिथे जॅक लावला तर गाडीऐवजी कवचच वर येते. खरी जागा आतल्या बाजूला, एका बोटभर खुणेने दाखवलेली. ती पाहायला रस्त्यावर आडवे व्हावे लागते. स्नेह्यांची विजार पांढरी होती, म्हणून मिस्त्री आडवे झाले.

गाडी वर गेली तेव्हा मंडळींनी समाधानाचा सुस्कारा सोडला. कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत २०२३ साली मॅक्लॅरेनच्या पथकाने चारही चाके १.८० सेकंदांत बदलली, आणि त्या वेळी गाडीभोवती वीसएक माणसे होती. मनुष्यबळाच्या बाबतीत पसरणीच्या पायथ्याचे पथक तिळभर कमी नव्हते. उलट त्यांच्यापाशी चहाही होता. मिस्त्रींनी पान्हा लावला. चार नट आज्ञाधारकपणे सैल झाले. पाचव्यावर पान्हा बसेना, कारण चोराने चाक पळवू नये म्हणून तो निराळ्या नक्षीचा होता आणि त्याची किल्ली निराळी होती.

“किल्ली?” मिस्त्री म्हणाले.

स्नेह्यांनी सांगितले, की ती हरवू नये म्हणून घरी तिजोरीत ठेवली आहे.

यानंतर काही काळ कोणी बोलले नाही. मिस्त्रींनी अधांतरी असलेले चाक हाताने फिरवले, आतल्या बगलेवरची लांब चीर बोट घालून पाहिली, आणि किल्ली असती तरी उपयोग नव्हता असे सांगून स्नेह्यांचे सांत्वन केले, जे त्यांच्या मोठ्या मनाला साजेसेच होते. फोनवरून बोलावलेल्या टायरवाल्याने मोजमापे ऐकून घेतली आणि “ह्यो टायर वाईत न्हाई, साताऱ्यात बी न्हाई,” असा निर्वाळा दिला. पुण्याहून सपाट पाठीची मालमोटार मागवली. ती दुपार कलल्यावर आली, आणि तिच्या पोटाखाली दोन स्टेपन्या होत्या, हे मिस्त्रींनी मला बोट करून दाखवले. बोलले काही नाही.

परंतु मालमोटारीचा उतरता फलाट जमिनीला जो कोन करून टेकत होता, त्या कोनात स्नेह्यांच्या गाडीचे नाक आधी आपटणार हे चालकाने पहिल्या नजरेतच ओळखले. फलाटाच्या तोंडाशी फळ्या रचून चढ सौम्य करणे भाग होते, आणि चालकापाशी फळ्या नव्हत्या. सर्वांच्या नजरा टपरीवाल्याकडे वळल्या. तो आत गेला, चार पाट आणि दुकानाच्या दाराची एक फळी घेऊन बाहेर आला, आणि ती खाली ठेवण्यापूर्वी स्नेह्यांना म्हणाला, “साहेब, मघाचा पाट माणुसकीचा होता. हे चार भाड्याचे.”